झाकली मूठ आणि बुडालेली जहाजे

गेल्या मार्च महिन्यात मिशिगन राज्यातील एका गावी पाणबुड्यांचा मेळावा भरला होता. मी आता पाण्यात उतरत नाही. वय सत्तरीच्या पुढे गेले, एका कानाचा पडदा फाटून सांधलेला आहे, आणि डॉक्टरांनी माझ्यापुढे हात जोडले आहेत. पण तीस वर्षांची सवय सुटत नाही. म्हणून अशा मेळाव्यांना जातो, मागच्या बाकावर बसतो आणि तेथली पाणचट कॉफी निमूटपणे पितो. यंदा तेथे एक वक्ते बोलावयास उभे राहिले. भारदस्त गृहस्थ, पाण्याखालच्या जहाजांची छायाचित्रे काढण्यात हयात घालविलेले. त्यांची मागणी अशी की, सरोवरांच्या तळाशी पडलेल्या जहाजांची ठिकाणे आणि खोली देणाऱ्या याद्या यापुढे छापू नयेत, आणि छापल्या असतील त्या मागे घ्याव्यात. "ज्यांना कळावयास हवे त्यांना ते कळलेलेच आहे," असे म्हणून ते खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी टाळी वाजविली नाही. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की, भर आरतीत मी खिशात हात घालून उभा आहे. टाळी का वाजविली नाही हे त्या दिवशी मला पाच मिनिटांत सांगता आले नसते. ते या लेखात सांगतो.

वाचक म्हणतील, "अहो, आमची दिवाळी, आमचा अंक, अमेरिकेतल्या तळ्यांत बुडालेल्या जहाजांशी आम्हांला काय करावयाचे आहे?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मला प्रथम माझ्या आजीकडे जावे लागेल.

आमचे गाव रेवस बंदरापासून दोन-तीन मैलांवर. १७ जुलै १९४७ या दिवशी मुंबईहून रेवसला यावयास निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत माझ्या आजीचा धाकटा भाऊ होता. त्याचे प्रेत किनाऱ्याला लागले नाही. माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला, म्हणजे मी आजीला पाहिले ते तिचे रडणे संपल्यावर. रडणे संपले होते, पण एक प्रश्न संपला नव्हता. मुंबईहून कोणी जाणता माणूस आला, बंदरखात्यातला कोणी कारकून लग्नाकार्याला भेटला, की आजी त्याला बाजूला घेऊन विचारी, "काशाच्या खडकाजवळ म्हणतात. पण खडकाच्या कुठल्या अंगाला? आणि किती वाव पाणी होतं तिथं?" लोक हळहळत, विषय बदलत. "आता ते कळून काय करायचंय, काकू?" असे म्हणत. जणू भाऊ गेला हे सांगण्यापेक्षा तो कोठे गेला हे सांगणे अधिक निर्दयपणाचे होते!

'कोठे' आणि 'किती खोल' हे दोन प्रश्न मी असे लहानपणीच ऐकले. पुढे नोकरीच्या निमित्ताने मिशिगनला आलो आणि चाळिशीच्या आत-बाहेर असताना पाणबुड्याचे शिक्षण घेतले, तेव्हा पाहतो तो तेथला सारा वाद याच दोन प्रश्नांवर चाललेला. तेव्हापासून मी या वादात एका बाजूचा आहे आणि ते लपवीत नाही.

ज्यांना आपण तळी म्हणतो ती सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ ही पाच सरोवरे एकत्र केली तर सुमारे दोन लक्ष चव्वेचाळीस हजार चौरस किलोमीटर पाणी होते. आपल्या महाराष्ट्राचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग त्यात बुडेल. आगगाडी आणि मोटार येण्यापूर्वी या मुलखाचे धान्य, लाकूड, कोळसा आणि लोखंडाची माती याच पाण्यावरून गेली, आणि नोव्हेंबरच्या वादळांत जहाजे बुडाली ती येथेच. सुमारे सहा हजार, असा तेथल्या संग्रहालयाचा अंदाज आहे. आणि समुद्रात जे टिकत नाही ते येथे टिकते. आपल्याकडे खाऱ्या पाण्यातली होडी वरचेवर बाहेर ओढून तेल पाजावी लागते, नाही तर किडा लाकूड पोखरून टाकतो. हा किडा गोड्या पाण्यात जगत नाही. पाणी बर्फासारखे थंड. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीचे शिडाचे गलबत तळावर सरळ बसलेले, डोलकाठ्या उभ्या, चाक जागच्या जागी, असे दिसते. पहिल्यांदा असे गलबत अंधारातून समोर आले तेव्हा मला देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखे वाटले होते. तेव्हा त्यांच्याविषयी ज्यांना माया वाटते त्यांची माया मी खोटी म्हणत नाही. त्या मायेपोटी ते जे मागतात ते चूक आहे, एवढेच माझे म्हणणे.

त्यांचा पहिला आक्षेप चोरीचा. यादी छापली की चोर येतात, घंटा जाते, चाक जाते, कपबश्या जातात. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मला विचारावयाचे आहे की, आजवर जे गेले ते कोणी नेले? पाठीवर हवेची नळकांडी बांधून कोणीही पाण्यात उतरू शकेल असे झाले, त्यानंतरची पहिली पंचवीस-तीस वर्षे ही लुटीची खरी वर्षे. त्या काळी याद्या थोड्या आणि गुपिते फार होती. ज्याला जहाज सापडे तोच प्रथम आत शिरे, हाताला येईल ते काढी आणि मग दहा वर्षांनी सभ्यपणे शोध जाहीर करी. मिशिगनने १९८० साली कायदा करून परवान्याशिवाय तळावरची वस्तू उचलणे बंद केले, तोवर अनेक जहाजांचे दागिने लोकांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसले होते. ठिकाण गुप्त असते तेव्हा तेथे जाणाऱ्याला साक्षीदार नसतो. ज्या जहाजावर उन्हाळ्यात रोज चार नावा येतात, त्यावरची एक बशी हलली तरी सायंकाळपर्यंत बोभाटा होतो. ज्याचा पत्ता एकालाच ठाऊक, त्याची राखण करणारा आणि त्याला लुटणारा एकच असतो.

माझ्या ओळखीचा एक म्हातारा होता. नाव सांगत नाही, कारण तो आता उत्तर द्यावयास नाही आणि माणूस मनाने वाईट नव्हता. चाळीस उन्हाळे आपल्या छोट्या नावेतून यंत्र ओढीत त्याने ह्यूरॉन सरोवराचा तळ चाळला आणि निदान पाच गलबते शोधली. त्यांचे आकडे एका वहीत, स्वतःच्या सांकेतिक लिपीत. दोनदा त्याने मला बरोबर नेले. दोन्ही वेळा नावेवरचे दिशादर्शक यंत्र टॉवेलाने झाकून ठेवले होते! त्याच्या मोटारखान्यात भिंतीवर शिडाचे दोर ताणावयाच्या तीन भोकांच्या लाकडी चकत्या ओळीने मांडल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा तो म्हणाला, "मी नेल्या नसत्या तर दुसऱ्याने नेल्या असत्या." तो गेला. मुलांनी घर विकले. वही कोठे आहे म्हणून मी विचारले, तर घर रिकामे करणाऱ्या कंत्राटदाराने कागदपत्रांचे खोके कचऱ्यात टाकल्याचे कळले. पाच गलबते दुसऱ्यांदा बुडाली. या खेपेस वादळही नव्हते.

गुपिताने जहाजे वाचतात असे म्हणणाऱ्यांनी 'अल्विन क्लार्क' या गलबताची कथाही आठवावी. हे गलबत १८६४ साली मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्यात बुडाले. १९६७ साली एका कोळ्याचे अडकलेले जाळे सोडवावयास पाणबुडा उतरला आणि त्याला ते सापडले. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९६९ साली ते वर काढले. पाणी उपसल्यावर ते स्वतःच्या बळावर तरंगले! लोकांनी डोळे पुसले. यात लुटारू कोणी नव्हता. होती ती निखळ माया. पण शंभर वर्षे पाण्यात मुरलेले लाकूड हवेवर आले की त्याचे काय होते हे जाणणारे शास्त्रज्ञ आणि त्यासाठी लागणारा पैसा शोधकांच्या मुठीत नव्हता. स्वीडनने १९६१ साली 'वासा' हे जहाज वर काढले तेव्हा एका रसायनाचे फवारे त्यावर सतरा वर्षे मारले. त्यामागे राष्ट्र उभे होते. 'अल्विन क्लार्क' मात्र मेनॉमिनी गावी उघड्यावर कुजत राहिले आणि १९९४ साली यंत्राने मोडून टाकावे लागले. ज्याला सापडले त्याचे, या न्यायाचा हा शेवट. मुठीत धरलेली वस्तू मुठीतच मेली.

आणि याउपर, ज्यांना यादी वाचताच येत नाही अशा शत्रूचे काय करणार? १९८८ साली या सरोवरांत झेब्रा शिंपले सापडले. परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर ते आले, आणि त्यांच्यामागून क्वागा शिंपले आले. आज सुपीरियर सोडले तर उरलेल्या चार सरोवरांत जहाजांच्या लाकडावर बोटभर जागा रिकामी दिसत नाही. सुपीरियर वाचले ते कोणाच्या गुप्ततेमुळे नव्हे. तेथल्या पाण्यात शिंपल्याच्या कवचाला पुरेसा चुना नाही म्हणून! हे शिंपले लाकडाला चिकट तंतूंनी घट्ट धरतात, त्यांच्या थरांचे ओझे फळ्यांना पेलत नाही, लोखंडी खिळे लवकर गंजतात. म्हणजे ज्या जहाजाचे ठिकाण तुम्ही आज लपवीत आहात ते तुमच्या नातवाला दिसणार नाही. ते मोजावयाचे, रेखाटावयाचे, त्याची चित्रे घ्यावयाची, तर ते आताच. ते एका म्हाताऱ्याच्या वहीतून होत नाही. त्याला शेकडो डोळे लागतात.

दुसरा आक्षेप मृतांचा. हा आक्षेप मला गप्प करतो. टोलवून लावावा असा तो नाही.

१० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे लोखंडाची माती नेणारे प्रचंड जहाज सुपीरियर सरोवरात एकोणतीस माणसांसह बुडाले. एकही वाचला नाही, एकही देह हाती आला नाही. १९९४ साली एका खासगी मोहिमेला जहाजाजवळ एका खलाशाचा देह दिसला, त्याचे चित्रण झाले, आणि एकोणतीस घरांतल्या जखमा उघड्या पडल्या. त्या घरांचा संताप मी माझा मानतो. आयल रॉयल बेटाजवळ १९२७ साली बुडालेल्या 'कॅमलूप्स' या जहाजाच्या यंत्रघरात एक देह अजून आहे. थंड पाण्याने तो मेणासारखा करून राखला आहे. पाणबुड्यांनी त्याला टोपणनाव दिले आहे आणि तेथे जाऊन आल्याची फुशारकी मारतात. मी गेलो नाही. मला त्या टोपणनावाची शिसारी येते.

पण वाचकहो, येथे एक गोष्ट नीट पाहा. 'फिट्झगेराल्ड' कोठे आहे हे गुपित आहे काय? मुळीच नाही. व्हाइटफिश उपसागरापासून सुमारे सतरा मैलांवर, कॅनडाच्या हद्दीत, पाचशे तीस फूट पाण्यात दोन तुकडे होऊन ते पडले आहे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी आज तेथे मनास येईल तसा कोणी उतरू शकत नाही. ऑन्टॅरिओ सरकारचा परवाना लागतो. १८१३ साली ऑन्टॅरिओ सरोवरात एकाच वादळात बुडालेल्या 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज' या दोन लढाऊ गलबतांनाही हेच संरक्षण आहे. ठिकाण उघड, वाट बंद. स्मशान कोठे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. म्हणून कोणी तेथे गोट्या खेळावयास जात नाही. पावित्र्य राखावयाचे असेल तर कायदा करा, राखणदार ठेवा, दंड करा. लोकांना अज्ञानात ठेवणे हे पावित्र्य राखणे नव्हे.

उलट, अज्ञानाने मृतांवर अन्याय होतो हे मी दाखवून देतो. १८ नोव्हेंबर १९५८ रोजी मिशिगन सरोवरात 'कार्ल ब्रॅडली' हे जहाज बुडाले. पस्तीस माणसांपैकी तेहतीस गेली. त्यांतली तेवीस एकट्या रॉजर्स सिटी या लहानशा गावची. वाचले दोघे. दोघांनी सांगितले, जहाज आमच्या डोळ्यांदेखत मधोमध मोडले. पुढच्याच वर्षी मालक कंपनीने तळाची पाहणी करविली आणि जाहीर केले की जहाज अखंड आहे. एका बाजूला कंपनीचा अहवाल, दुसऱ्या बाजूला दोन खलाशांची जबानी. पारडे कोणाचे जड झाले असेल हे सांगावयास नको. जहाज साडेतीनशे फुटांच्या पुढे खोल पाण्यात. तेथे कोण पाहावयास जाणार? अखेर १९९७ साली, त्या दोघांपैकी एकाच्या उपस्थितीत, तळाशी कॅमेरा सोडण्यात आला आणि दोन तुकडे दिसले. खरे बोलल्याचे प्रमाणपत्र मिळावयास त्या माणसाला एकोणचाळीस वर्षे लागली. बुडालेले जहाज हे थडगे असते, कबूल. पण ते पुराव्याचा कागदही असते, आणि तो कागद कोणत्या कपाटात आहे हे एकालाच माहीत असावे हे मला मान्य नाही.

आता तिसरा आक्षेप. याद्या वाचून नवशिके पाण्यात उतरतात आणि मरतात. येथे मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, कारण अशा एका यादीवर भरवसा ठेवून मी एका तरुणाला घेऊन गेलो होतो.

१९९६ सालचा ऑगस्ट. तो पुण्याचा, तिशीच्या आतला, उत्साही आणि शिकलेला. मला काका म्हणे. ह्यूरॉन सरोवरातले एक गलबत पाहावयाचे ठरले. हाती एका दुकानातून मिळालेली, छायाप्रतीची छायाप्रत झालेली यादी. तीत गलबताच्या नावापुढे लिहिले होते: शंभर फूट. बस्स, एवढेच. आम्ही शंभर फुटांचा हिशेब केला. उतरलो, डेकवर आलो, मापकात शंभर फूट, सारे ठीक. मग त्याला वाटले, नांगर पाहू. नांगर गलबताच्या पुढच्या बाजूला, तळावर. तो कडेवरून खाली सरकला. तळ एकशे पंचेचाळीस फुटांवर होता. यादीतला आकडा खोटा नव्हता. तो डेकचा आकडा होता! यादी करणाऱ्याने ते लिहिण्याची तसदी घेतली नव्हती.

पंचेचाळीस फुटांनी काय होते, असे कोरड्या जमिनीवर वाटते. गोड्या पाण्यात दर चौतीस फुटांना वातावरणाइतका एक दाब वाढतो. शंभर फुटांवर माणूस वरच्या जवळजवळ चौपट हवा ओढतो. एकशे पंचेचाळीसवर सव्वापाचपट. शंभर फुटांवर पंचवीस मिनिटे राहून थेट वर येता येते असे अमेरिकी नौदलाचे जुने कोष्टक सांगे. दीडशे फुटांना तेच कोष्टक पाच मिनिटे देई. शिवाय त्या खोलीवर हवेतल्या नत्रवायूची धुंदी चढते. मनगटावर मापक असते, पण त्यातला आकडा वाचणारे डोके भांग प्यायल्यासारखे झालेले असते. मी वरून दिवा हलवीत राहिलो. तो परतला तेव्हा त्याच्या नळकांड्यातली हवा संपत आली होती. घाबरून तो नको तितक्या वेगाने वर गेला. रक्तात विरघळलेला नत्रवायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला. तीन दिवस त्याला रुग्णालयाच्या दाबाच्या कोठडीत ठेवले होते. जगला. लग्न झाले, मुले झाली. डावा पाय मात्र आजही ओढीत चालतो, आणि मला भेटला की स्वतःच म्हणतो, "काका, चूक माझी होती." त्याचे हे म्हणणे मी एकदाही खरे मानलेले नाही.

आता सांगा, त्या दिवशी यादी नसती तर बरे झाले असते की यादी पूर्ण असती तर? आक्षेपक पहिला पर्याय घेतात. पण यादी नसती तर तो जाता राहिला असता काय? तिशीच्या आतला माणूस! त्याने कोणाकडून तरी कुजबुजीत आकडा मिळविला असता, आणि कुजबुजीतला आकडा छापील आकड्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो असे कोणी सांगितले? रोग अपुरेपणाचा आहे, आणि वैद्य म्हणतात, जीभच कापा.

म्हणून माझी तक्रार दुहेरी आहे. लपविणाऱ्यांवर आहेच, पण निष्काळजीपणे छापणाऱ्यांवर तिच्याहून तीक्ष्ण आहे. खोली म्हणून एक आकडा लिहून मोकळे होणे हा गुन्हा समजावा. तीन आकडे द्या: पाण्यापासून जहाजाचा सर्वांत उंच भाग किती, डेक किती, तळ किती. फूट की मीटर ते लिहा. कॅनडाच्या बाजूला मीटर चालतात, अमेरिकेच्या बाजूला फूट, आणि नुसते 'तीस' म्हणजे दोन्हींकडे वेगळा प्रसंग असतो. कोणत्या साली मोजले आणि कोणत्या पातळीपासून मोजले तेही लिहा. आपल्या उजनी धरणात पळसदेवचे देऊळ बुडालेले आहे. धरणाचे पाणी उतरले की ते उघडे पडते. त्या देवळाची खोली किती, असे कोणी विचारले तर आपण उलट विचारू, "कोणत्या महिन्यात?" मिशिगन आणि ह्यूरॉन यांची पातळी १९८६ च्या ऑक्टोबरात सर्वांत वर होती आणि २०१३ च्या जानेवारीत सर्वांत खाली; दोहोंत सहा फुटांहून अधिक अंतर. म्हणून नकाशांप्रमाणे ठरीव नीचतम पातळी धरून खोली द्यावी आणि तसे स्पष्ट म्हणावे.

ठिकाणाचेही तेच. जुन्या याद्यांत लोरान या रेडिओ-पद्धतीचे आकडे असत. अमेरिकेने ती पद्धत २०१० साली बंद केली, आणि ते आकडे गणिताने अक्षांश-रेखांशांत उतरविताना शेकडो फुटांच्या चुका राहून गेल्या. कोणी साडेवीस मिनिटे म्हणून २०.५ लिहितो, दुसरा ते वीस मिनिटे पन्नास सेकंद असे वाचतो, आणि अक्षांशात सुमारे दोन हजार फुटांची चूक होते. आणि जहाजाचे ठिकाण एकच असते असेही समजू नये. 'डॅनियल मॉरेल' हे जहाज २९ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूरॉन सरोवरात मोडले. पुढचा भाग बुडाला. मागच्या भागातले यंत्र चालूच होते, म्हणून तो तसाच पुढे निघून गेला आणि सुमारे पाच मैलांवर जाऊन बुडाला. एकोणतीस माणसांपैकी एक वाचला. ज्या यादीत 'मॉरेल'पुढे एकच ठिकाण आहे ती यादी अर्धे जहाज विसरली आहे.

हे सारे होऊ शकते काय? होते आहे. ह्यूरॉन सरोवरावर अल्पेना गावी २००० साली थंडर बे हे राष्ट्रीय अभयक्षेत्र स्थापन झाले. २०१४ साली ते वाढवून चार हजार तीनशे चौरस मैलांचे केले. ते आपल्या जहाजांची ठिकाणे आणि खोली स्वतः प्रसिद्ध करते आणि पुष्कळ जहाजांवर बोये बांधून ठेवते. बोया बांधला की नावेला तिथे नांगर टाकावा लागत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण गुप्त जहाज शोधणारा नावाडी लोखंडी नांगर तळावरून फरफटत नेतो आणि तो कशात तरी अडकला की आनंदतो. अडकतो तो शंभर वर्षांच्या कठड्यात! गुप्त जहाजावर बोया कसा बांधणार? कॅनडात टोबरमोरी येथे १८८५ साली बुडालेले 'स्वीपस्टेक्स' हे गलबत बंदरातच वीस फूट पाण्यात आहे. काचेच्या तळाच्या नावांतून प्रवासी ते वर्षानुवर्षे पाहतात. पाणबुड्याला नाव नोंदवावे लागते, आत शिरावयास मनाई आहे. त्याच्याइतके उघडे जहाज साऱ्या सरोवरांत नसेल, आणि ते अजून उभे आहे.

तेव्हा विरोधकांना मी एवढेच देऊ करतो: मुदतीचे मौन. 'आयर्नटन' हे गलबत १८९४ साली ह्यूरॉन सरोवरात टकरीने बुडाले. सात माणसे लहान होडीत उतरली, पण होडीचा दोर जहाजापासून सोडायचा राहिला. जहाजाने होडी खाली ओढली आणि पाच जण गेले. २०१९ साली शोधकांना ते सापडले तेव्हा ती होडी अजून दोराने बांधलेली होती. २०२३ पर्यंत त्यांनी शोध जाहीर केला नाही. आधी चित्रे घेतली, मोजमापे केली. याला मी गुपित म्हणत नाही, तयारी म्हणतो. घरात बाळंतीण असताना दार लोटून घेणे वेगळे आणि दाराला कायमचे कुलूप लावणे वेगळे. ज्याला मौन हवे त्याने तारीख सांगावी: अमुक दिवशी तोंड उघडीन. आणि त्या दिवसापर्यंत आकडे एका सार्वजनिक दप्तरात ठेवावेत, म्हणजे मध्येच तो मेला तरी गलबत मरणार नाही.

"ज्यांना कळावयास हवे त्यांना कळलेलेच आहे." ते वाक्य मला अजून टोचते. कोणाला कळावयास हवे हे ठरविणारे तुम्ही कोण? सरोवराचा तळ खासगी नाही. अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्याने तळात रुतलेली बेवारशी जहाजे त्या त्या राज्याची, म्हणजे तेथल्या जनतेची ठरली, आणि जनतेला ती पाहण्याची वाट ठेवावी असेही त्यात म्हटले आहे. मेळाव्यात टाळ्या वाजविणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात ते आकडे होते. आपल्या खिशात असलेली वस्तू दुसऱ्याला मिळू नये म्हणून वाजविलेली टाळी ही मला धर्मरक्षणाची टाळी वाटली नाही.

माझी आजी १९७४ साली गेली. धनत्रयोदशीला यमासाठी कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात, तसा ती ठेवी. त्याच्या शेजारी ती आणखी एक दिवा लावी, भावासाठी. तो लावताना दर वर्षी हात थांबे आणि ती विचारी, "ह्याचं तोंड कुणीकडे करू रे?" आम्ही पोरे सांगू तिकडे ती करी. एका वर्षी उत्तरेला, एका वर्षी पश्चिमेला. आम्हांला काय ठाऊक!

तिला पाण्यात उतरावयाचे नव्हते, काही वर काढावयाचे नव्हते. एक दिशा आणि काही वाव, इतकेच तिला हवे होते. ज्यांनी आकडे मुठीत धरले आहेत त्यांना मी विचारतो: तुमच्या सरोवरांच्या काठीही अशा म्हाताऱ्या असतील. त्यांना काय सांगता?